टोचेला एक नंबर

वस्तू

हातमोजे, काटेरी कुंपणाच्या कामासाठी.

हा रकाना मी स्टोअरच्या दारातच, उभ्याउभ्या भरला. बाकीच्या रकान्यांना चार दिवस लागले.

आम्ही पाण्याच्या केंद्रावर वई कापतो. सगळं शहर जे पाणी पितं ते आधी आठ उघड्या हौदांत निवळतं, आणि हौदांभोवती भिंत नाही, काटेरी झुडपांची वई आहे. माणसाच्या डोक्याहून उंच, दोन हात रुंद, काटे दाभणाएवढे. भिंत चढून आलेला चोर सगळ्यांनी ऐकलाय, वईतून आलेला कुणी ऐकलेला नाही. ती बारा महिने वाढते आणि आम्ही बारा महिने कापतो. शेवटच्या टोकाला पोचतो तोवर पहिलं टोक परत पिंजारलेलं असतं.

आम्ही म्हणजे चौघं. मी मुकादम. वरचा माथा कापणारा शिडीवाला. कापलेल्या फांद्या कवेत घेऊन गाडीवर टाकणारी त्याची बायको. आणि माझी धाकटी जाऊ, जी वईच्या पोटात हात घालून आतलं वाळकं काढते. आतलं वाळकं काढलं नाही तर वई बाहेरून हिरवी दिसते आणि आतून मरते. धाकटीइतका आत हात कुणी घालत नाही.

घालत नसे. सध्या आम्ही तिघंच आहोत.


नग

बारा जोड.

"एकच प्रकार लिहा," स्टोअरकीपर म्हणाला. "याला हा, तिला तो, असलं चालणार नाही."

"हात पाच जणांचे पाच तऱ्हेचे असतात, भाऊ."

"तुम्ही चौघं आहात."

"बोलायची पद्धत असते."

"अर्जाला बोलायची पद्धत नसते, मुकादमबाई. एकच प्रकार, बारा जोड, तीन वर्षं पुरवायचे. मागच्या वेळी तुम्हीच निवडले होते. मी मध्ये बोललो होतो का?"

बोलला नव्हता. म्हणूनच आताही तो मध्ये पडणार नव्हता. त्याने काउंटरवर तीन नमुने टाकले, प्रत्येकी एक जोड. लांब, म्हणजे कोपरापर्यंत येणारा, आडदांड चामड्याचा. दुरंगी, म्हणजे तळव्याला चामडं आणि पाठीला जाड कापड. आणि मऊ, म्हणजे विणलेला, रबरात बुडवून काढलेला. घरी न्या, बघा, शुक्रवारपर्यंत अर्ज द्या. माल यायला दहा आठवडे.

स्टोअरच्या दारावर साहेबांचा नवा नियम चिकटवलेला होता. धाकटीच्या हाताला अपघात झाला, त्यानंतर तो लागला. कुंपणावर मंजूर हातमोज्यांशिवाय काम करायचं नाही. आणि हातमोजा घालून छाटणीच्या कात्रीवर ज्याची मूठ मिटणार नाही, त्याला कात्री मिळणार नाही.

साहेब वाईट माणूस नाही. नियम लावायच्या आधी त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं. म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंची जागा मी नवे मोजे येईपर्यंत मोकळी ठेवतो. त्या दिवशी सगळ्यांबरोबर त्यांचीही मूठ बघू. मिटली तर कामावर, नाही मिटली तर मग माझ्या हातात काही नाही."

हातात काही नाही, असंच म्हणाले.


कारण

जुने झिजले.

खोडलं. झिजले नव्हते. एक जोड अजून कोरा आहे.

जुने निकृष्ट निघाले.

खोडलं. तसे ते फार चांगले होते. स्वयंपाकघरात, काचेच्या कारखान्यात, पत्र्याच्या कामाला त्यांच्यासारखे नाहीत.

निवडणाऱ्याची चूक.

खोडलं नाही, पण या रकान्याला बोटभर जागा आहे, म्हणून उरलेलं इथे.

मागच्या वर्षी याच काउंटरवर एक राखाडी जोड आला होता. धाग्यातच काहीतरी कठीण विणलेलं. मी तो हातात चढवला, तळवा काउंटरवर ठेवला आणि स्टोअरकीपरला म्हणाले, सुरी फिरवा. तो म्हणाला, माझी नोकरी आहे. मग मीच डाव्या हाताने सुरी फिरवली. एकदा हलकी, एकदा जोर लावून. धागा तुटला नाही. शिडीवाल्याच्या बायकोने डोळ्यांवर हात घेतला होता, तो काढला. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. नव्या मुकादमाला असं काहीतरी करून दाखवावं लागतं.

मोज्याच्या मनगटावर शिक्का होता. त्यात पात्याचं चित्र, त्याच्याशेजारी पाच. खाली खिळ्याच्या टोकाचं चित्र, त्याच्याशेजारी एक.

"हे काप, हे टोच," स्टोअरकीपर म्हणाला. तेवढं त्याला माहीत होतं.

शिडीवाला चष्मा वर करून म्हणाला, "टोचेला एक नंबर."

"एक नंबर," त्याची बायको म्हणाली.

"एक नंबर," मी म्हणाले. आपल्याकडे चहा चांगला झाला तर एक नंबर, पोरगी पास झाली तर एक नंबर. एक नंबरच्या खाली बघायचं कुणाला सुचतं?

धाकटीला सुचलं. ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "टोचेला एक म्हणजे पहिला नंबर, तर कापेला पाच म्हणजे काय, पाचवा का? एकाच शिक्क्यात एकदा मोठा आकडा चांगला आणि एकदा छोटा? आणि ताई, वई काय सुरी घेऊन उभी आहे?"

सगळे हसले. मी म्हणाले, "तू आधी कात्री सरळ धरायला शीक." मग आणखी हसले.

टोचेचा आकडा एक ते चार असतो. एक सगळ्यात कमी. हे मला नंतर दवाखान्यातल्या बाकावर एका सुताराने सांगितलं. तिथे बसलेल्यांना हातांबद्दल सगळं माहीत असतं.


माप

अर्जाच्या मागे हाताचं चित्र आहे. तळव्याची रुंदी घ्या. मधल्या बोटाची लांबी घ्या.

शिडीवाला: साडेआठ सेंटिमीटर.
त्याची बायको: सात.
मी: साडेसात.
धाकटी:

चौथ्या हौदाजवळ झालं. ती आत खांद्यापर्यंत होती. विणलेल्या मोज्याला पातं कापत नाही, पण विणीत भोकंच भोकं असतात, आणि काट्याला भोक पुरतं. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यात गेला आणि तिथेच मोडला. ती ओरडली नाही. "सलतंय," एवढंच म्हणाली.

मी तिला हौदाच्या कठड्यावर बसवलं. सुई विस्तवावर धरली. मला काटे काढता येतात, सगळ्या केंद्रावर माझं त्यासाठी नाव आहे. कातडी उकलली, एक काळा ठिपका वर आला, सुईच्या टोकावर घेऊन तिला दाखवला.

"निघाला," मी म्हणाले.

"नक्की?"

"डोळ्यांनी दिसतोय ना?"

तो मातीचा कण होता. टोक आत होतं, हाडाच्या खाचेत.

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं. मी म्हणाले, काढताना कातडी दुखावली, उतरेल. पाचव्या दिवशी ती ताट डाव्या हाताने घ्यायला लागली. मी म्हणाले, तू काट्याचा नायटा करू नकोस. नवव्या दिवशी ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथेच खाली बसली, तेव्हा रिक्षा आणली. डॉक्टरांनी हात उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मग धाकटी म्हणाली, "निघालाय असं वाटलं होतं."

असं वाटलं होतं. कुणाला, ते नाही सांगितलं.

मधलं बोट गेलं. करंगळीशेजारचं राहिलं, पण पू त्याच्यातही उतरला होता, म्हणून ते आता वाकत नाही. सरळ असतं. ती केस विंचरते, दार लावते, झोपते, आणि ते बोट आपलं कुणाला तरी वाट दाखवल्यासारखं ताठ.

मी तिच्यापुढे मधल्या बोटाची लांबी असा रकाना ठेवून तसाच सोडला.


चाचणी

घरात आम्ही दोघीच असतो. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. माझा दीर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, वर्षातून चारदा येतो, दोन दिवस झोपतो आणि जातो. धाकटी म्हणायची, मला नवरा नाही, पाहुणा आहे. कामावर असताना ती हे हसून सांगायची. गेले चार महिने ती घरी आहे आणि ते सांगत नाही. भांडी घासून परत घासते. परवा मी आले तर ती खिडकीतल्या कुंडीतलं रोप छाटत होती, डाव्या हाताने, भाजीच्या सुरीने. त्याला तीन पानं उरली होती.

"घरी आणखी वर्षभर बसले तर मी या भिंतीशी बोलायला लागेन," म्हणाली. "आणि ती उत्तर द्यायला लागेल."

मी वईतली एक फांदी पोत्यात गुंडाळून आणली होती. टोपलीतून लांबट बटाटे निवडले, मोज्यांच्या बोटांत एक एक घातला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर मांडले. काटा पकडीत धरून दाबायचा, मग बटाटा सोलून बघायचा. या वेळी मोज्यावर सुरी फिरवायची नव्हती.

धाकटी स्टुलावर बसली. "हा कोण?"

"तू."

"आणि हा मळकट?"

"मी."

"शिडीवाला कुठंय?"

"हा काय, जाडा."

"याला डोळे आहेत."

"डोळे आहेत म्हणूनच त्याला कधी टोचत नाही."

मऊ मोज्यात काटा लोण्यात गेल्यासारखा गेला. बटाटा सोलला, आत काळं भोक. धाकटीने तो उचलून उजेडात धरला. "धनुर्वात," म्हणाली. "नऊ दिवस बघा, मग रिक्षा आणा."

मी पकड खाली ठेवली.

"थट्टा केली, ताई. पुढचा घ्या."

दुरंगी. तळव्याकडून काटा वाकला, आत गेला नाही. पाठीकडून गेला. मोठा नाही, नखाएवढा, पण गेला. मी परत दुसऱ्या जागी दाबला, परत गेला.

लांब. तळवा, पाठ, बोटांच्या पेरांची बाजू, मनगट. कुठेच नाही. मी काट्यावर बत्ता मारला. काट्याचं टोक मोडून ओट्यावर उडालं. बटाटा सोलला. पांढराशुभ्र.

"झालं की," धाकटी म्हणाली. "लांब लिहा. विषय संपला."

मग तिने तो हातात चढवला.

मी सांगते त्यात काही गुंतागुंत नाही. मऊ मोज्यात तिचं ताठ बोट आपलं ताठ राहतं, आणि बाकीची बोटं त्याला वगळून कात्रीवर मिटतात. दुरंगीतही, जरा जोर लावला की मिटतात. लांब मोज्याचं चामडं जाड आहे. एक बोट ताठ राहिलं की ते सगळा तळवा ताणून धरतं, आणि करंगळी, अंगठा, अंगठ्याशेजारचं, कुणालाच पुरतं वाकता येत नाही. तिने कात्री घेतली. दाबली. कात्रीची मूठ बोटं आणि अंगठा यांच्यामधून निसटली आणि बटाट्यांत पडली.

तिने परत उचलली.

परत पडली.

"नवीन आहे ना," ती म्हणाली. "मऊ होईल."


चाचणी (पुढे)

पहिला दिवस. तेल. आतून, बाहेरून. घरभर वास.

दुसरा दिवस. लाटण्याने लाटला. मी कामावरून आले तेव्हा ती त्याच्यावर बसली होती. "अंडं उबवतेय," म्हणाली. "बघू काय निघतं."

तिसरा दिवस. मधलं रिकामं बोट आत उलटं ढकलून शिवलं, म्हणजे तेवढं चामडं आड येणार नाही. मग दाराच्या फटीत स्वतःचं ताठ बोट घालून दार लोटायला लागली. थोडं थोडं. मी धावत जाऊन दार धरलं.

"वाकवतेय," म्हणाली.

"मोडेल."

"मोडलं तर वाकेल."

मोजा खरोखर मऊ झाला होता. सुंदर झाला होता, हातात घेतला तर सोडवत नव्हता. बोट तसंच होतं.


शेरा

गुरुवारी, संध्याकाळचा चहा समोर ठेवून.

"ताई, दुरंगी लिहा."

"दुरंगीत पाठीकडून जातो."

"मी वईला पाठ दाखवणार नाही."

"शिडीवाल्याची बायको फांद्या कवेत घेते. तिच्या हाताच्या पाठीच लागतात आधी."

"तिला सांगा, कवेत घ्यायला नवरा आहे."

मला हसू आलं. तिलाही आलं. आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही कळलं की आता हसणं संपलंय.

"नखाएवढा जातो," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

"तुझा केवढा गेला होता?"

तिने कप जवळ ओढला. कपाची कड बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही माझं ऐकलं नाहीत. सगळ्यांसमोर मला कात्री धरायला शिकवलीत."

"हो."

"मागच्या वेळी मी बरोबर होते."

"होतीस."

"मग या वेळी तरी ऐका."

"या वेळी तू बरोबर नाहीस."

हे मला शांतपणे म्हणता आलं याचं मला अजून नवल वाटतं. गेले चार महिने मी तिला एकदाही नाही म्हणाले नव्हते. मीठ कमी पडलेलं ती खारट म्हणाली असती तरी मी हो म्हणाले असते. आणि पहिला नकार द्यायचा तो इथे.

"म्हणजे मी घरी."

"मी साहेबांशी बोलते. दुसरं काही काम, ऑफिसात, फायली..."

"मी वईत हात घालते, ताई. मला तेवढं येतं. फायलींत घालायला पाच बोटं लागतात."

"तुला घरी बसवायचं म्हणून मी करत नाहीये."

"माहीत आहे. तेच तर." तिने कप उचलला. "तुम्ही वाईट असता तर सोपं झालं असतं. कुंपणच शेत खातं म्हटलं असतं आणि शेजारी जाऊन रडले असते."

तिने चहा प्यायला नाही, मोरीत ओतला आणि कप विसळला. मी अर्ज पुढे ओढला. चामड्याच्या मनगटावर शिक्का होता. काप दोन, टोच चार. मी शेऱ्यात लिहिलं: लांब. टोच चार. मोठा आकडा चांगला. शेवटचं वाक्य कुणासाठी लिहिलं कोण जाणे.

पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "माल यायला किती आठवडे म्हणाला?"

"दहा."

"पुरेत," ती म्हणाली.

मी विचारलं नाही, कशाला.


दुसरा अर्ज

यात रकाने कमी होते. रुग्णाचं नाव. वय. अवयव. बाजू. जवळच्या नातेवाइकाची सही. नातं.

डॉक्टर तेच. त्यांनी तिचं ताठ बोट धरून वाकवायचा प्रयत्न केला, तिने दात आवळले, त्यांनी सोडलं.

"बोट जिवंत आहे," ते म्हणाले. "रक्त आहे, स्पर्श आहे. हे का काढायचं?"

"आडवं येतं."

"कशाला?"

"मुठीला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. ते म्हणाले, असं कधी कधी करतात. वाकत नसलेलं बोट काढलं तर उरलेला हात जास्त कामाचा होतो. पण ही घाईने ठरवायची गोष्ट नाही. व्यायाम, मालिश, सहा महिने, वर्षभर बघू.

"माझ्याकडे दहा आठवडे आहेत," धाकटी म्हणाली. "म्हणजे आता साडेनऊ. जखम भरायला किती?"

"पाच. सहा."

"मग बसतंय."

दिराला फोन लावला. मागे हॉर्न, मोठ्या गाड्या. मी सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली असावी, हॉर्न लांब गेले. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात ना तिथे? तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही म्हणाल तसं."

मला त्यातलं कळतं. सगळे असंच म्हणतात.

नर्सने अर्ज माझ्यासमोर ठेवला. पेन दोरीने टेबलाला बांधलेलं होतं. मी ते धरलं आणि खाली ठेवलं.

"मी दुरंगी लिहिते," मी म्हणाले.

"आता?"

"आता जाते. स्टोअरकीपरला सांगते, अर्ज परत मागवा."

"गेला तो वर."

"वरून मागवते. साहेबांच्या पाया पडते. चूक झाली सांगते, माझी पहिली चूक थोडीच आहे."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. "आणि त्या बाईला टोचलं तर?" तिने विचारलं. "नखाएवढा?"

मी अर्ज बाजूला सरकवला.

"आणि मग तुम्ही तिला कठड्यावर बसवणार. सुई आणणार." तिने डाव्या हाताने पेन उचलून माझ्या हातात दिलं. दोरी पुरेना म्हणून अर्ज माझ्याकडे सरकवला. "मी चार दिवस तेल लावलं त्या मोज्याला. तो चांगलाय. तुम्ही बरोबर निवडलाय. सही करा."

नातं: जाऊ.

नर्स म्हणाली, "जाऊ चालणार नाही. नवरा, आई, बहीण, असं काहीतरी लागतं."

मी जाऊ खोडून बहीण लिहिलं. धाकटीने वाकून वाचलं.


पोच

माल मिळाला. बारा जोड, लांब. डबे फोडल्यावर आतून चामड्याचा आणि तेलाचा वास आला, आमच्या स्वयंपाकघराचा. जखम भरून तीन आठवडे झाले होते.

साहेब सकाळी आठला आले. स्टोअरच्या अंगणात आम्हाला रांगेत उभं केलं. शिडीवाल्याने मूठ मिटली, आणि साहेबांचं लक्ष नाही असं पाहून ती नाकासमोर नेऊन बायकोला दाखवली. बायको म्हणाली, "घरी दाखवा, हिंमत असेल तर." तिची मूठ मिटली. माझी मिटली.

धाकटीने मोजा घातला. दोन बोटं रिकामी. ती शिवून टाकावीत असं मी आदल्या दिवशी म्हणाले होते, पण साहेबांचा नियम होता, मंजूर मोज्यात फेरफार करायचा नाही. तिने घरी शिवलेला नमुन्याचा जोड म्हणूनच बाद झाला. तिने कात्री घेतली. अंगठा, त्याच्याशेजारचं बोट, मग मोकळी जागा, मग करंगळी. मिटली. कात्री मिटली, उघडली, मिटली. ती लोंबणारी दोन चामडी बोटं प्रत्येक वेळी मान हलवल्यासारखी हलली.

साहेबांनी मुठीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मागच्या वेळी तिला पाहिलं होतं तेव्हा एक बोट कमी होतं, हे त्यांच्या लक्षात असावं. त्यांनी तोंड उघडलं. मग यादीकडे बघितलं. यादीत मूठ मिटली का, एवढंच होतं. त्यांनी खूण केली आणि पेन खिशाला लावलं.

"काळजी घ्या," ते म्हणाले. कुणाला ते कळलं नाही. सगळ्यांनीच मान हलवली.

वई या सहा-साडेसहा महिन्यांत आतून भरली होती. बाहेरून हिरवी, आत काळं वाळकं जाळं. मी धाकटीला बाहेरची बाजू दिली. ती म्हणाली, "बाहेरचं कुणीही करेल," आणि पहिल्या हौदाच्या वळणावर जाऊन खांद्यापर्यंत आत शिरली. मी माझी जागा धरली आणि तिथून फक्त तिची पाठ दिसत होती. आत कात्रीचा आवाज, थांबणं, परत आवाज. पूर्वी ती एका दमात सात-आठ फांद्या तोडायची. आता दोन, मग हात बाहेर काढायची, कारण ती रिकामी बोटं काट्यांत अडकायची आणि उलटी वळायची. ती ओढून सोडवायची, झटकायची, परत आत.

मी मोजत नव्हते. मला ऐकू येत होतं, एवढंच.

तासाभराने शिडीवाल्याची बायको फांद्या गोळा करायला आली आणि तिने धाकटीचं मनगट धरलं. "अगं, थांब. काटा गेलाय बोटात. आरपार."

मी कात्री टाकली. शिडीवाला शिडीवरून अर्धा उतरला. धाकटीने हात डोळ्यांसमोर धरला. चामडं कधी ना कधी हरतं तसं शिवणीत हरलं होतं. मधल्या बोटाच्या एका बाजूने काटा शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आला होता, पूर्ण दाभणाएवढा. तिने तो नीट बघितला.

"गेला असेल," ती म्हणाली. "तिथे कोण राहतं?"

आधी शिडीवाल्याची बायको हसली, तोंडावर हात घेऊन, मग शिडीवाला, मग शिडी हलायला लागली म्हणून तो आणखी हसला. धाकटी हसली नाही. तिने काटा तिथेच राहू दिला आणि हात आत घातला.

मी कात्री उचलली. ऊन चढायच्या आत तिसऱ्या हौदापर्यंत पोचायचंय, मी म्हणाले. सगळे कामाला लागले होते.